जावयाच्या आडनावाचा फेरफार

आडनाव पहिल्यांदा फोनवर ऐकलं तेव्हा मी मुलीला तीनदा विचारलं आणि शेवटी वहीत लिहून घेतलं. मर्गट्रॉइड. स्वयंपाकघरात जाऊन हिला वाचून दाखवलं, तर ही म्हणाली, "जेवणाआधी घ्यायची का नंतर?" औषधाच्या गोळीचं नाव वाटलं तिला.

आमचं आडनाव चाफळकर. पाटण तालुक्यातल्या चाफळवरून आलेलं, पण गेल्या पाच पिढ्या आम्ही कराडचे. मी स्वतः महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कुणाची जमीन कुणाच्या नावावर आणि ती कशी आली, हे शोधण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे नातीच्या जन्मानंतर आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी मुलीकडे हॅलिफॅक्सला गेलो, आणि तिथल्या पावसात रोज खिडकीशी बसायची वेळ आली, तेव्हा माझ्यातला तलाठी जागा होणं ठरलेलंच होतं. हॅलिफॅक्स म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला, वेस्ट यॉर्कशरमध्ये. चहूबाजूंनी डोंगर, दगडी घरं आणि लोकरीच्या गिरण्यांच्या धुराने काळे पडलेले गडगे.

सुरुवात मात्र माझ्या एका चुकीने झाली.

व्याह्यांचा वाढदिवस होता, पंचाहत्तरावा. काय द्यावं कळेना. बाजारात एका दुकानात आडनाव सांगितलं की संगणकावरून त्या आडनावाची ढाल, मुकुट, सिंह वगैरे असलेली गुंडाळी छापून देत होते. मी मर्गट्रॉइड सांगितलं, पैसे मोजले आणि चौकट करून घेऊन गेलो. व्याही आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. त्यांनी चौकट हातात घेतली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "छान आहे. फक्त आमच्यात कुणी घोडासुद्धा बाळगलेला मला माहीत नाही."

नंतर कळलं की अशी ढाल आडनावाची नसतेच. ती एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशजांकडे जाते. लंडनला १४८४ पासून एक कॉलेज ऑफ आर्म्स आहे, त्यांचं काम हेच. म्हणजे मी आणलेली चौकट म्हणजे कुणा भलत्याच खातेदाराचा सातबारा आपल्या नावाने भिंतीवर लावण्यासारखं झालं. मला रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी मी जावयाला म्हणालो, "तुझ्या वडिलांना खरा उतारा काढून देतो." तो हसला. त्याला वाटलं आठवडाभराचा छंद आहे.

पहिलं काम कचेरीत करायचो तेच केलं: घरात काय कागद आहेत ते बघणं. विहीणबाईंनी माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात दाखले होते, जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे. इंग्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, तेव्हापासूनचे दाखले आजही मागवता येतात. काढायची रीत अगदी फेरफार उलट वाचण्यासारखी. जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात. त्यावरून त्यांचं लग्न शोधायचं. लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्यामुलाच्या आणि नवरीच्या बापाचं नाव आणि धंदा असतो. त्यावरून बापाचा जन्म. की परत लग्न. एकेक पायरी खाली उतरत जायचं. आमचा क्रम लागत गेला: बस ड्रायव्हर, मग गालिच्यांच्या गिरणीतला कामगार, मग लोकरीचं सूत काढणारा, मग हातमागाचा विणकर. पाच पिढ्या, आणि सगळे पाच-सात मैलांच्या आत जन्मलेले आणि मेलेले.

मध्ये जनगणना होती. तिथे दर दहा वर्षांनी ती होते, १८४१ पासून घरोघरच्या माणसांची नावं टिकून आहेत आणि शंभर वर्षं झाली की कागद लोकांना उघडे करतात. १९२१ ची नुकतीच, २०२२ च्या जानेवारीत उघडली. १९३१ ची १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, त्यामुळे त्यापुढे खड्डाच आहे. हे सगळं आता घरबसल्या संगणकावर दिसतं. पण सूची करणाऱ्याने हस्ताक्षर कसं वाचलं यावर सगळं अवलंबून. १८८१ मध्ये आमचं अख्खं कुटुंब नाहीसं झालं होतं. मी दोन दिवस शोधत होतो. शेवटी आडनाव सोडून दिलं आणि फक्त गल्ली, नवऱ्याचं पहिलं नाव आणि वय टाकलं, तर सगळे सापडले. शेवटच्या वाय-डीचं कुणीतरी झेड-डी केलं होतं.

१९११ च्या कागदाजवळ मात्र आम्ही अडकलो. त्या वर्षीचे फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतः भरलेले जपून ठेवलेत, म्हणजे अक्षर गणना करणाऱ्या कारकुनाचं नाही, घरच्या माणसाचं. व्याह्यांच्या पणजोबांचं अक्षर. जाड निब, प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला शाईचा ठिपका, बोटांना लिहायची सवय नसलेल्या माणसाचं. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांबद्दल एक जादा प्रश्न होता: किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात, किती गेली. तिथे लिहिलं होतं नऊ, चार, पाच. पाचाचा आकडा आधी वेगळ्या रकान्यात लिहिला होता, तो खोडून बरोबर रकान्यात घातला होता. हयात चारांपैकी थोरला चौदा वर्षांचा, गिरणीत भरलेली बॉबिनं उतरवून रिकामी लावणारा. तो व्याह्यांचा आजोबा. व्याह्यांनी त्याला पाहिलेलं होतं, त्याच्या मांडीवर बसलेले होते. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाच गेली हे त्याने कधी सांगितलं नाही." विहीणबाईंनी चहा केला. त्या दिवशी पुढे काही बघितलं नाही.

१८३७ च्या मागे सरकार संपतं आणि चर्च सुरू होतं. आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या थॉमस क्रॉमवेलने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. हॅलिफॅक्सच्या वह्या त्याच सालापासूनच्या आहेत. हॅलिफॅक्सची पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा मुलूख, पण इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आपल्याकडचा छोटा तालुका म्हणा. त्यामुळे आतल्या खेड्यांना उपचर्चं होती, आणि एका माणसाच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या. त्यात अर्धं खोरं मेथॉडिस्ट आणि इतर पंथांकडे गेलेलं, त्यांच्या वह्या आणखी वेगळ्या.

गावात पीस हॉल म्हणून १७७९ चा कापडबाजार आहे, ३१५ खोल्यांचा चौसोपी वाडाच तो, मधे केवढं तरी पटांगण. त्याला लागून नवं ग्रंथालय आणि दप्तरखाना आहे. मी तिथे जायला लागलो. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. जुनी वही फोमच्या उशीवर ठेवून देतात, पानं दाबून धरायला मण्यांच्या साखळ्या. मला आमचं रेकॉर्ड रूम आठवलं, लाल रुमालात बांधलेली दप्तरं, धूळ आणि कसर. पण तिथे सत्तर टक्के काम मायक्रोफिल्मवर होतं, खरी वही फार लोकांच्या हाती देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

इथे माझी मोडी कामाला आली, हे कुणाला पटत नाही. मोडी मी खात्यात शिकलो, जुनी इनामपत्रकं आणि कडई पत्रकं वाचायला दुसरा इलाज नव्हता. निवृत्तीनंतर २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मलाही बोलावणं आलं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी ज्या वळणात लिहिलंय त्याला तिथे सेक्रेटरी हॅन्ड म्हणतात. इंग्रजी येणाऱ्याला ते वाचता येत नाही! ई उलटा, एस लांब होऊन एफसारखा, सीची टी वाटते, एचची शेपटी ओळीखाली लोंबते. माझ्या जावयाने पहिलं पान बघून हात टेकले. मला इंग्रजी जेमतेम, पण मोडी वाचणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते: अक्षर वाचायचं नाही, लिहिणाऱ्याचा हात वाचायचा. त्याच पानावरचा जॉन शोधायचा, विल्यम शोधायचा, मेरी शोधायची, आणि त्यांची अक्षरं उचलून अनोळखी शब्दाला लावून बघायची. आठवडाभरात मी बऱ्यापैकी वाचायला लागलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "कराडला." त्यांनी ते लिहून घेतलं. कशासाठी, कोण जाणे.

दुसरी मदत शुद्धलेखनाची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो, त्यामुळे स्वरांवर विश्वास ठेवायचा नाही हे हाडात भिनलेलं. इथेही तसंच. एकाच बापाची तीन मुलं, तीन वेगळी आडनावं: मर्गट्रॉइड, मॉर्गेट्रॉइड, मर्गिट्रोइड. जावई म्हणे, ही वेगळी घराणी असतील. मी म्हटलं, स्वर सोड, व्यंजनं धर. म-र-ग-ट-र-ड. तेवढी शाबूत असली की माणूस आपलाच.

या टप्प्यावर मी दुसरी चूक केली, आणि ही जास्त नाजूक होती.

एका जोडप्याचं लग्न १७०१ च्या मे महिन्यातलं सापडलं. पुढे त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला, फेब्रुवारी १७०१. मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग व्याह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की, काय आहे, जुनी गोष्ट आहे, मनावर घेऊ नका, पण मूल लग्नाच्या आधीचं दिसतंय. व्याही म्हणाले, "शाब्बास." पण विहीणबाई तिथेच होत्या आणि त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या माहेरचं नव्हतं तरी.

दप्तरखान्यातल्या बाईंनी माझी वही बघितली आणि हसल्या. त्या काळी इंग्लंडात वर्ष १ जानेवारीला बदलत नव्हतं, २५ मार्चला बदलायचं. म्हणजे १७०१ चा मे आधी आणि १७०१ चा फेब्रुवारी नंतर! मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी, अगदी रीतसर. हा प्रकार १७५२ पर्यंत चालला. त्या वर्षापासून नवं साल जानेवारीला आणलं, आणि कॅलेंडर सुधारायला सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले. २ तारखेनंतर एकदम १४ तारीख. आजही तिथलं आयकराचं वर्ष ५ एप्रिलला संपतं ते त्या जुन्या २५ मार्चचंच सरकत गेलेलं शेपूट.

मला लाज वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. मार्चअखेरीला नवं वर्ष म्हणजे आपला पाडवाच की! आणि मी तर एकाच वेळी तीन नव्या वर्षांत नोकरी केलेला माणूस: घरी पाडवा, खजिन्यात १ एप्रिल आणि महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू. मला हे आधी सुचायला हवं होतं. संध्याकाळी विहीणबाईंना खुलासा केला. त्या म्हणाल्या, "मला माहीतच होतं." मग मला केक मिळाला.

पण १७०१ च्या मागे वाट बंद झाली. त्या मुलाचा बाप जॉन. आणि त्या खोऱ्यात, त्या वयाचे, तीन जॉन मर्गट्रॉइड. तिघांचे बाप्तिस्मे सहा वर्षांच्या आत. एकाच्या बापाचं नाव जॉन, दुसऱ्याच्याही जॉन. तलाठ्याला ही अडचण नवी नाही. एकाच गावात तीन-तीन बाबुराव पाटील असतात. पण आपल्याकडे बापाचं नाव मधे असतं आणि गट नंबर असतो. तिथे दोन्ही नाही. मी मृत्युपत्रं बघितली, शेजाऱ्यांची बघितली, बायकोच्या माहेरच्यांची बघितली. नाही जुळलं. जावयाने विचारलं, "त्यातला एक धरून पुढे जाऊ या का?" मी म्हणालो, "असा फेरफार मी आयुष्यात मंजूर केला नाही." त्याच दुकानातल्या चौकटीसारखं झालं असतं ते.

व्याह्यांच्या एका मित्राने डीएनए तपासणी सुचवली. त्या भागातल्याच साइक्स या आडनावावर ब्रायन साइक्स नावाच्या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञाने २००० साली असा अभ्यास केला होता. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं, तर एकमेकांशी ओळख नसलेल्या साइक्सांपैकी जवळपास निम्म्यांचं एकच निघालं. म्हणजे कधीतरी एक मूळ साइक्स होऊन गेला असणार. व्याही म्हणाले, "आणि उरलेल्या निम्म्यांचं काय?" कुणी काही बोललं नाही. नळीत थुंकायचा विषय तिथेच मिटला.

मग मी पिढ्या सोडून दिल्या आणि उलट बाजूने, आडनावाच्या जन्मापासून यायचं ठरवलं. सामान्य इंग्रज माणसाला आडनाव मुळात नव्हतं. १०६६ ला फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन सरदारांनी जहागिरीच्या गावांवरून नावं लावायची पद्धत आणली आणि ती हळूहळू खाली झिरपली. १४०० च्या सुमारापर्यंत बहुतेकांना आडनाव चिकटलं होतं, उत्तरेकडे जरा उशिराच. कुणाला बापावरून, कुणाला धंद्यावरून, कुणाला चेष्टेवरून, कुणाला जागेवरून. धंद्यावरची गंमत अशी की ओलं कापड पायाने तुडवून घट्ट करणारा उत्तरेत वॉकर झाला, आग्नेयेकडे फुलर आणि नैर्ऋत्येकडे टकर. काम एकच.

मर्गट्रॉइड मात्र जागेवरचं, आणि ती जागा कुठल्या खोऱ्यातली हे त्या नावाच्या शेपटावरूनच कळतं. 'रॉइड' म्हणजे झाडं तोडून, मुळं खणून काढून लागवडीला आणलेला तुकडा. जुन्या इंग्रजीत 'रॉड', या खोऱ्याच्या तोंडी त्याचा 'रॉइड'. हॅलिफॅक्सच्या फोनबुकात हे पैशाला पासरी: ॲक्रॉइड म्हणजे ओकवनातला तुकडा, बूथरॉइड म्हणजे गोठ्याजवळचा, शिवाय होलरॉइड, लीरॉइड, ओल्डरॉइड. पुढे मायथमरॉइड नावाचं अख्खं गाव आहे. कोकणात किंवा मावळात जंगल तोडून केलेल्या जागेला नावं पडतात तसंच.

पुढचा 'मर्गट' कोण, यावर दोन मतं. एक म्हणतं मूर-गेट, म्हणजे माळाकडे जाणाऱ्या वाटेवरचा तुकडा. उत्तरेत गेट म्हणजे दरवाजा नाही, रस्ता, व्हायकिंगांकडून आलेला शब्द. दुसरं म्हणतं मार्गारेट. मार्गारेटची जमीन. आडनावांचे कोश मार्गारेटच्या बाजूने आहेत, आणि मीही. कारण उगाच वाटतं म्हणून नाही. रॉइडच्या आधी येतं ते बहुधा त्या तुकड्याला शेजारच्या तुकड्यापासून वेगळं करणारं काहीतरी असतं, आणि डोंगराच्या त्या अंगाला माळाकडे जाणाऱ्या वाटा सतराशे साठ. पण बाईच्या नावाची जमीन एखादीच. नव्वदच्या दशकात लक्ष्मी मुक्तीखाली सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचे अर्ज माझ्याकडे यायचे. लोक ते कसे आढेवेढे घेत आणायचे हे मी बघितलंय. सहाशे वर्षांपूर्वी एका तुकड्याला बाईचं नाव पडलं म्हणजे ती विधवा असेल, वारस असेल, काही असेल, पण खमकी असणार. विहीणबाईंनी हे मत ताबडतोब मान्य केलं.

नाव कागदावर येतं ते १३७१ मध्ये. हॅलिफॅक्सजवळच्या वॉर्ली गावचा कॉन्स्टेबल म्हणून योहानस द मॉर्गेटरॉइड. हा कॉन्स्टेबल म्हणजे खाकीतला हवालदार नव्हे. गावातलाच एक खातेदार, त्याच्याकडे पाळीने गावची शांतता बघायचं काम. आपला पोलीस पाटील! आणि 'द' म्हणजे 'चा', लॅटिनमधला. मॉर्गेटरॉइडचा जॉन. पुढे तो 'द' गळून पडला आणि उरलं ते आडनाव. पुढे १३७९ साली डोईपट्टी बसली, साध्या नवराबायकोला मिळून चार पेन्स. वेस्ट रायडिंगच्या, म्हणजे यॉर्कशरच्या या पश्चिम भागाच्या, त्या याद्या गावनिहाय टिकल्यात आणि आजचं निम्मं फोनबुक त्यात बघायला मिळतं.

वॉर्ली वेकफील्डच्या मॅनरमध्ये होतं. मॅनर म्हणजे जहागीर म्हणा. तिच्या कचेरीच्या गुंडाळ्या १२७४ पासून १९२५ पर्यंतच्या आहेत, कातड्याच्या, जुन्या असतील त्या लॅटिनमधल्या, लीड्स विद्यापीठात ठेवलेल्या. युनेस्कोने ब्रिटनच्या स्मृती-नोंदवहीत त्यांना जागा दिली आहे. जुन्या वर्षांच्या गुंडाळ्यांची इंग्रजीत भाषांतरं छापलेली आहेत, ती मी हॅलिफॅक्सच्या ग्रंथालयात बसून वाचली. पहिल्या पाच पानांतच मी खुर्चीत ताठ झालो. अमुक आला, त्याने अमुक गावातली इतकी एकर जमीन मालकाच्या हाती परत दिली. तमुक आला, त्याला ती मिळाली. त्याने नजराणा भरला. कारकुनाने नोंद केली आणि नक्कल दिली. अहो, फेरफार! सहीशिक्क्याचा, नजराण्यासकट! आणि रॉइडची जमीन वेगळी, तिचा सारा वेगळा, कारण ती नव्याने फोडलेली. ही पद्धत १९२६ च्या १ जानेवारीला कायद्याने बंद झाली, म्हणूनच गुंडाळ्या १९२५ ला थांबतात. मी ग्रंथालयात एकटाच हसत होतो. शेजारचा म्हातारा उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

त्या नोंदी वाचताना माझ्या डोक्यातली एक जुनी गाठ सुटली. मी लोकांना सांगत होतो की मर्गट्रॉइड म्हणजे आपल्या 'कर'सारखं. तसं नाही ते. चाफळमध्ये कुणी चाफळकर नसतो. माझा खापरपणजा चाफळ सोडून कराडला आला तेव्हा लोक त्याला चाफळकर म्हणायला लागले. आमचं आडनाव म्हणजे गाव सुटल्याची नोंद. जॉन मॉर्गेटरॉइड मात्र त्याच तुकड्यावर बसून मॉर्गेटरॉइड झाला. वॉर्लीत चार जॉन असतील, त्यातला मार्गारेटच्या तुकड्यावरचा हा. त्याला जागा सोडावी लागली नाही, जागेनेच त्याला नाव दिलं.

पुढे त्या घराण्याने लोकरीच्या कापडात पैसा केला. जेम्स मर्गट्रॉइड हा हॅलिफॅक्सकडचा बडा कापडवाला. त्याने कीथलीजवळ ईस्ट रिडल्सडन हॉल विकत घेऊन १६४२ च्या सुमाराला नव्याने बांधला. १९३४ पासून तो जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. एका रविवारी जावयाने आम्हा सगळ्यांना गाडीत घालून नेलं. दारावर दगडात कोरलेली चक्रासारखी गोल खिडकी, आणि एका भिंतीवर पहिला चार्ल्स आणि त्याची राणी यांची मुंडकी, सोबत फ्रेंचमध्ये 'राजा चिरायू होवो'. त्या राजाचं पुढे १६४९ ला मुंडकं उडालं. पुढच्या पिढ्या अशा उधळ्या निघाल्या की शेजारून वाहणाऱ्या एअर नदीने लाजेने पात्र बदललं, अशी दंतकथा तिथे सांगतात. व्याह्यांना तिकीट काढावं लागलं. "आडनाव सांगून बघा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "वा, छान," आणि पूर्ण पैसे घेतले.

मला तो वाडा फार भावला नाही. मला वॉर्ली बघायची होती.

हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला, वर डोंगराच्या अंगावर आहे ती. व्याही, मी आणि बाबागाडीत नात, असे तिघे बसने गेलो. पलीकडे खाली कॅल्डर नदीचं खोरं, रेल्वे, कालवा, गिरण्यांची धुराडी. घरांना वरच्या मजल्यावर ओळीने दगडी चौकटींच्या खिडक्या, मागावर उजेड पडावा म्हणून. मर्गट्रॉइडांचं घर म्हणून जे हॉलिन्स सांगतात, ते नाव होली नावाच्या काटेरी झाडावरून. आम्ही कुणाच्या अंगणात शिरलो नाही. एका गडग्यापाशी थांबलो. पलीकडे उतारावर चार मेंढ्या, ओली हिरवी जमीन, आणि मधूनच वर आलेले खडक. मी गडग्यावर हात ठेवून बघत होतो. असा उतार मोकळा करायला काय पडलं असेल! झाडाचं मूळ खणायचं, दगड वेचायचे, दगडांचाच गडगा रचायचा. तो गडगा मी हात ठेवला होता तोच असेल असं नाही. पण काम तसंच.

व्याह्यांनी विचारलं, "यातली कुठली जमीन मार्गारेटची?"

मी म्हणालो, "मोजणी नकाशा नाही. मी सांगू शकत नाही."

ते म्हणाले, "मग ही सगळीच धरू." आणि खिशातून सँडविच काढलं. अर्धं मला दिलं.

घरी आल्यावर मी तीन पानांचा अहवाल लिहिला, रीतसर: १७०१ पर्यंत साखळी पुराव्यासह, त्यापलीकडे खंड, १३७१ ला नावाची पहिली नोंद, मधला संबंध सिद्ध होत नाही. खाली सही केली आणि तारीख टाकली. व्याह्यांनी तो सिंहाच्या चौकटीतच, सिंह काढून लावला.

आम्ही निघायच्या आदल्या आठवड्यात मुलगी नातीचा पाळणाघराचा फॉर्म भरत होती. आडनावाच्या जागी चौकोन छापलेले, एका अक्षराला एक. मुलीने दोन्ही आडनावं मधे रेघ देऊन लावायची ठरवली होती. चाफळकरची इंग्रजी अक्षरं दहा, मर्गट्रॉइडची दहा, आणि मधली रेघ एक. चौकोन वीस होते. तिने भराभरा लिहित नेलं आणि शेवटी थांबली. उरलेला डी तिने चौकोनाबाहेर, समासात लिहिला.

मी म्हटलं, "असं करू नकोस. टंकणारा तेवढा सोडून देईल."

"मग काय करू, बाबा?"

मी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ बघितला. मग तोच परत दिला.

"राहू दे," म्हटलं. "कुणी शोधायला आलंच तर व्यंजनं धरून येईल."